एकही बाइट हरवलेला नाही

१९ जून

ठिपक्या,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढे सरकेना. तेव्हा नुसतंच ठिपक्या.

सोबत एक पुस्तक पाठवतेय. सातवीचं गणित. आपल्याच ब्रेल छापखान्यातलं, गेल्या वर्षी तू बसवून दिलेल्या नव्या यंत्रांवर छापलेलं. पान चाळीस उघड, डोळे मीट आणि बोटांनी वाच. येतं तुला अजून. आत्याने तुला बाराखडीच्या आधी ठिपके शिकवले, म्हणून तर हे नाव पडलं. गळ्यात टाय आला म्हणून बोटं विसरत नाहीत.

वाचलंस? मग आता हे वाच.

आत्याला छापखान्यातून घरी बसवलं, हे तुला माहीत आहेच. तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात गुळगुळीत कागदावर छापलं होतं की नव्या यंत्रांमुळे प्रुफं तपासायची गरजच उरणार नाही. संचालकांनी ते वाक्य उचललं आणि दुसऱ्या दिवशी आत्याची खुर्ची रिकामी केली. इतकी वर्षं त्या छापखान्यातून तिच्या बोटाखालून गेल्याशिवाय एक पान बाहेर पडलं नव्हतं. असो. घरी बसेल तर ती आत्या कसली. रोज दुपारी ती संस्थेच्याच शेजारच्या अंधशाळेत जाते आणि व्हरांड्यात बसते. पोरं तिच्याभोवती जमतात. त्यात सातवीतली एक मुलगी आहे. कुठल्याही गोष्टीवर 'पण का?' म्हणते, म्हणून आत्या तिला वकीलबाई म्हणते.

गेल्या आठवड्यात या वकीलबाईने ते पुस्तक आत्याच्या मांडीवर आपटलं आणि विचारलं, "आजी, हे पुस्तक खुळं आहे की मी?"

"दोघांपैकी एक नक्की असणार," आत्या म्हणाली. "आण इकडे."

तिने एक ओळ वाचली. परत वाचली. मग विचारलं, "सरांना दाखवलंस?"

"दाखवलं. सर म्हणाले, मुकाट्याने उत्तर काढ. मी म्हटलं, 'बए उद्गारचिन्ह अह' याचं उत्तर काय काढू? त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. तासभर उभं केलं मला."

गणिताच्या सरांना ब्रेल येत नाही, हे तुला आठवत असेल. आयुष्य अंध मुलांना शिकवण्यात गेलं, पण कधी लागलं नाही म्हणतात. स्वतःच्या हातातलं छापील पुस्तक बघून ते 'पान चाळीस, तिसरं गणित' म्हणतात, आणि समोर मुलं बोटांनी काय चाचपडताहेत याची त्यांना गंधवार्ता नसते.

तुला समजावायला नको, तरी लिहिते. तुझ्या साहेबांना हे पत्र दाखवावंसं वाटलं तर त्यांनाही कळू दे. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळे ठिपके नाहीत. एक ते शून्य हे अक्षरांचेच ठिपके. फक्त आधी अंकचिन्ह येतं, मग वाचणारा समजतो की आता आकडा आहे. पंचवीस म्हणजे अंकचिन्ह आणि पुढे ब, ए. अंकचिन्ह गेलं की उरतं ते 'बए'. अठराचं होतं 'अह'. अधिकच्या खुणेचं होतं उद्गारचिन्ह. त्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसुद्धा अंकचिन्ह नाही. पाचवीचं पुस्तक तसंच, सहावीचं तसंच. आणि ऐक, एप्रिलमधली वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिकाही आपल्याच छापखान्यातली होती.

गोष्टींची पुस्तकं, कविता, इतिहास सगळं ठीक आहे. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. जुन्या यंत्रावरून फायली हलवताना तू गाठोडं वापरलंस का?

ताई


८ जुलै

ठिपक्या,

उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, टाइप केलेलं, वर जावक क्रमांक. सख्ख्या बहिणीला 'महोदया' म्हणणारा भाऊ मी पहिल्यांदाच पाहिला. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सही तरी त्याचीच आहे ना? की तीही साहेबाची?"

"आमच्या नोंदीनुसार सर्व फायलींचे स्थलांतर यशस्वी झाले असून एकही बाइट हरवलेला नाही."

हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही.

मी छापखान्याच्या मागच्या खोलीत गेले. जुनं यंत्र तिथेच आहे, फुटक्या टेबलांच्या आणि रद्दीच्या ढिगात, अंगावर फाटका पडदा पांघरून. धूळ झटकून चालू केलं, तर बिचारं खोकत खोकत उठलं. दोन दिवस बसून जुन्या फायली आणि नव्या फायली ताडून पाहिल्या. तुझं खरं आहे. एकही बाइट हरवलेला नाही. आत जे होतं ते सगळं जसंच्या तसं आलंय.

आलं नाही ते बाहेरचं. तूच मला कधीकाळी शिकवलंस की जुन्या यंत्रावर फाइल कुठल्या जातीची आहे हे फाइलच्या पोटात लिहिलेलं नसतं. ती ओळखखूण तबकडीच्या, म्हणजे डिस्कच्या, सूचीत, नावाशेजारी असते. हा मजकूर, हे गणित, हा प्रोग्राम. तूच लिहिलेला आपला प्रोग्राम आधी ती खूण बघायचा. गणित असलं की प्रत्येक आकड्यापुढे अंकचिन्ह आपणहून घालायचा, म्हणून आम्ही ते कधी टाइपच केलं नाही. आता नव्या यंत्राला ही खूण ठाऊकच नाही. तारेतून नुसती फाइल पाठवली की पोटातलं तेवढं जातं, खूण मागेच राहते. तिकडे पोचल्यावर प्रोग्राम विचारतो, बाई तू कोण? फाइल गप्प. मग तो तिला साधा मजकूर धरतो आणि छापून मोकळा होतो.

हे सगळं तुला तेव्हाच कळलं होतं, जेव्हा तू कंपनीत नव्हतास आणि आपण दोघं एका डब्यात जेवायचो. म्हणून तर तू गाठोडं लिहिलंस. छोटासा प्रोग्राम. फाइल आणि तिची खूण एकत्र बांधायची, अख्खं गाठोडं पाठवायचं, दुसऱ्या टोकाला सोडायचं. "ताई, परक्या घरी जाताना माणसाने आपलं नाव खिशात ठेवावं," असं म्हणाला होतास. किती कौतुक वाटलं होतं मला तुझं.

आणि त्या दिवशी तू ते वापरलं नाहीस. मी सूचीतल्या तारखा बघितल्या. सगळा छापखाना तू एका दुपारीत उघडाच नेलास. नव्या यंत्रावर गाठोडं सोडणारा प्रोग्राम लिहायला आठवडा गेला असता, हो ना? आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती.

ते उद्घाटन आठवतं का रे? संचालक नव्या यंत्रातून निघालेलं पहिलं पान हातात घेऊन उभे. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "वा! किती सुंदर!" फोटो निघाला. पान उलटं होतं. तू शेजारी उभा होतास, तुला दिसत होतं, आणि तू हसत होतास. तेव्हा मला वाटलं तू त्यांना हसतोयस.

काल पुस्तक घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी तुमचं प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर सरकवलं. खाली तुझी सही. म्हणाले, "बाई, तज्ज्ञ सांगताहेत यंत्रणा उत्तम आहे. दोष मुलांत आहे. जवळजवळ सगळा वर्ग गणितात नापास. आपण मान्य करायला शिकलं पाहिजे, या मुलांना गणित झेपत नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले की या महिन्यापासून गणित बंदच केलंय, त्या तासाला वेताच्या खुर्च्या विणायला शिकवतात. "हाताला काम मिळतं, मन रमतं." ते बसले होते ती खुर्चीही मुलांनीच विणलेली. ती करकरत होती. मला त्या आवाजाची शिसारी आली, त्या खोलीची आली, टेबलावरच्या तुझ्या सहीची तर जास्तच.

वेताने बोटं कशी होतात माहीत आहे ना तुला? चिरतात, मग घट्टे पडतात. घट्टे पडलेल्या बोटाला ठिपका लागत नाही.

ताई


२७ जुलै

ठिपक्या,

फोनवर मी नीट बोलले नाही, असं तुझं म्हणणं. छापखान्याचा फोन दारात आहे, समोर शिपाई आणि दोन टंकलेखक उभे होते. तिथे तुला काय काय म्हणता आलं असतं?

तू म्हणालास, "ताई, गाजावाजा कशाला? फायली मी गुपचूप परत पाठवतो. नवी पुस्तकं छापा, जुनी काढून घ्या. सुधारित आवृत्ती म्हणा. संचालकांशी बोललोय मी, त्यांची ना नाही."

त्यांची ना कशी असेल? दोघांचंही झाकलं जातंय. आणि निकाल? नापास झालेली पोरं? ती तशीच नापास. मी विचारलं तेव्हा तू हळूच म्हणालास, "माझी बढती अडकेल गं." लहानपणी काच फोडल्यावर जसं म्हणायचास, तस्साच आवाज. फरक इतकाच की तेव्हा काच तू फोडलीस हे तरी सांगायचास.

तुझ्या फायलींची गरज नाही. ते काम मी केलंय. जुन्या यंत्रावर तुझं गाठोडं अजून आहे. सोडणारा प्रोग्राम मी लिहिला. वाकडातिकडा आहे, तू हसशील, पण चालतो. एकेक फाइल खुणेसकट बांधून इकडे आणली. गणिताचं पहिलं पान छापून आत्याच्या हातात दिलं. तिने वाचलं, एकदा शिंकली, आणि म्हणाली, "तिसऱ्या ओळीत समास चुकलाय." म्हणजे बाकी बरोबर. घरी बसवलेल्या बाईकडून आम्ही आता घरीच प्रुफं तपासून घेतो. जेवणाच्या टेबलावर गठ्ठे आहेत, आणि ती मला पाण्याचा ग्लास ठेवू देत नाही.

पण मी ती पुस्तकं अशी मागच्या दाराने वाटणार नाही. नऊ तारखेला विश्वस्तांची बैठक आहे. मी विषय ठेवलाय. काय झालं ते सांगायचं, वार्षिक परीक्षा रद्द करून पुन्हा घ्यायची, गणित सुरू करायचं. माझं कोण ऐकणार, मी छापखान्यातली एक बाई. सही तुझी आहे. तू येऊन एवढंच म्हण की खुणा राहून गेल्या. चूक कबूल केली म्हणून कुणी फासावर देत नाही.

तू शेवटी 'बघतो' म्हणालास. तुझ्या 'बघतो'चा अर्थ मी 'येतो' असा घेतलाय. आत्याला सांगणार नव्हते, पण सांगितलं. संध्याकाळी पाहिलं तर तिने तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मी म्हटलं, तो हॉटेलात उतरेल, कंपनीचा माणूस आहे. ती म्हणाली, "उतरू दे. गाद्यांना ऊन लागायलाच हवं होतं."

ये.

ताई


१२ ऑगस्ट

ठिपक्या,

बैठकीत काय झालं हे तुला लिहून कळवायची गरज नाही, तू माझ्यासमोर बसला होतास. तरी लिहितेय. तुला वाटत असेल की कुणी पाहिलं नाही.

तू साहेबांबरोबर आलास. माझ्याकडे बघून मान हलवलीस, ओळखीच्या दुकानदाराला हलवतात तशी. आत्या वकीलबाईला घेऊन आली होती. संचालक म्हणाले, "मुलांचं इथे काय काम?" आत्या म्हणाली, "ही माझी सोबत आहे. मला दिसत नाही, हिलाही दिसत नाही, दोघी मिळून भिंतीवर आपटतो, पण एकटीने आपटण्यापेक्षा बरं." विश्वस्तांपैकी त्या डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या. तू नाही.

मी माझं सांगितलं. तुझ्या साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या बाई आमच्या तज्ज्ञांच्या भगिनी आहेत असं कळतं. घरगुती मतभेदांत आम्ही पडू इच्छित नाही." सगळ्यांनी समजल्यासारखं खाली पाहिलं. एका वाक्यात त्यांनी शाळेचा प्रश्न आपल्या घरातलं भांडण करून टाकला, आणि तू ते होऊ दिलंस.

मग डॉक्टरबाईंनी साधा प्रश्न विचारला. "या पानावर लिहिलंय काय, हे कुणीतरी वाचून दाखवेल का?" आत्या पुढे सरकली, तर संचालक म्हणाले, त्यांना कामावरून कमी केलंय, त्यांचं वाचन निःपक्षपाती कसं मानायचं? तेव्हा तुझे साहेब अभिमानाने म्हणाले, "आमचे तज्ज्ञ ब्रेल जाणतात."

पुस्तक तुझ्यापुढे आलं. पान चाळीस. मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. आता हा बोट ठेवेल आणि याच्या तोंडून खरं बाहेर पडेल, कारण बोट खोटं सांगत नाही.

तू बोट ठेवलंस. ओळीवरून नेलंस. आणि म्हणालास, "पंचवीस अधिक अठरा."

हाक ऐकल्यावर होते तशी आत्याची मान वर झाली.

तू पुढे वाचलंस, "चाळीस वजा सात." स्वच्छ आवाजात, न अडखळता. तिथे जे असायला हवं होतं ते तू वाचलंस, जे होतं ते नाही. त्या खोलीत खरं काय आहे हे जाणणारी आपण चार माणसं होतो. त्यातल्या दोघींचा शब्द कोण धरणार, एक घरी बसवलेली, एक पोर. तिसरी तुझी भांडखोर बहीण. आणि चौथा तू.

वकीलबाई ओरडली, "खोटं आहे! अंकचिन्ह कुठाय? तिथे अंकचिन्हच नाहीये!" दाराशी बसलेल्या गणिताच्या सरांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. संचालकांनी फाइल मिटली. चहा आला.

जिन्यात मी तुला गाठलं. तू म्हणालास, "मी खोटं बोललो नाही, ताई. ठिपके तेच आहेत. मी फक्त त्यांचा अर्थ लावला." आणि घड्याळ पाहिलंस.

ठिपके तेच आहेत. बाइट तेच आहेत. तुझं नेहमीच सगळं तेच असतं रे, आणि तरी त्यातून जे बाहेर येतं त्याला हात लावायची किळस वाटते. मला आजवर लोकांचा राग आलाय, कंटाळा आलाय. किळस कुणाची आली नव्हती, आणि ती पहिल्यांदा आली ती ज्याला मी अंघोळ घातली त्याची.

घरी आल्याबरोबर आत्याने तुझ्या खोलीची खिडकी लावून घेतली.

ताई


३० सप्टेंबर

ठिपक्या,

मी यापुढे लिहिणार नव्हते. पण तुझं चार ओळींचं पत्र आलं, या वेळी साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं. दिवस मोकळे आहेत, आत्याला भेटायला येऊ का, असं विचारलंयस. तेव्हा आधी इथे काय झालं ते समजून घे.

तुझ्या वाचनाने सगळ्यांचं समाधान झालं, डॉक्टरबाईंचं सोडून. त्या मला नंतर म्हणाल्या, "ती मुलगी ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी दवाखान्यात रोज ऐकते. दुखतंय म्हणणारा आणि सोंग करणारा यांतला फरक कळतो मला." पुढच्या आठवड्यात त्या कुणाला न कळवता शाळेत आल्या. सातवीच्या मुलांना एकेक करून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. प्रत्येकाला तेच पुस्तक, तेच पान. कोण काय वाचतं ते त्यांनी स्वतः लिहून घेतलं. पहिल्या खोलीत 'बए उद्गारचिन्ह अह'. दुसऱ्या खोलीत तेच. स्वयंपाकघरात बसवलेल्या मुलाने तेच वाचलं, जिन्याखालच्याने तेच. संचालक धावत आले, मुलांना पढवलंय म्हणाले. डॉक्टरबाईंनी पुस्तक त्यांच्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उघडा, हवं ते पान." त्यांनी उघडलं. पुन्हा सगळ्या खोल्यांतून एकच उत्तर.

मग मी नवं पुस्तक दिलं, खुणेसकट आणलेलं. मुलांना वर्गात परत बसवलं. एकाने वाचलं, "पंचवीस अधिक अठरा," आणि कुणी विचारायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "त्रेचाळीस!" मग सगळा वर्गच सुटला. पुढचं गणित, त्याच्या पुढचं, जो तो उत्तर ओरडतोय. सर दारात उभे. वकीलबाईने डॉक्टरबाईंची बाही ओढून विचारलं, "आता सरांना तासभर उभं करणार का?"

परीक्षा रद्द झाली, या महिन्यात पुन्हा घेतली. बहुतेक सगळी पास आहेत. वकीलबाई चांगल्या गुणांनी. गणित सुरू झालं, वेत बंद. आत्याला परत बोलावलं. तिने अट घातली की गणिताच्या सरांनी आठवड्यातून दोनदा तिच्याकडे ब्रेल शिकायला यायचं. येतात बिचारे. त्यांची बोटं जाड आहेत, पण 'ज'पर्यंत पोचलेत.

अहवालात काय लिहिलं असेल तूच ओळख. 'तांत्रिक अडचण'. कुणाचं नाव नाही. संचालक भाषणात सांगतात की आमच्या संस्थेने स्वतःच दोष शोधून काढला. टाळ्या पडतात. तुझी बढतीही झाली म्हणे. अडकली नाही. मी ही बातमी ऐकली तेव्हा हातातला घास परत ताटात ठेवला.

सगळं ठीक झालं असं समजू नकोस. वर्गात एक मुलगा होता, तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे. नापासचा निकाल गेल्यावर जूनमध्येच बापाने त्याला घरी नेलं. बापाचं खुर्च्या विणायचंच दुकान आहे. याला शाळेत वेत शिकवणार, तर घरी काय वाईट, असा त्याचा हिशेब, आणि तो चुकला म्हणता येत नाही. शाळेने परत बोलावलं, पत्राला उत्तर नाही. म्हणून गेल्या रविवारी आत्या आणि मी नवं पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो.

दुकानाच्या मागच्या अंगाला तो जमिनीवर बसला होता. पायाशी वेताचे तुकडे. हात पुसून त्याने पुस्तक मांडीवर घेतलं. बोट ठेवलं. सरकवलं, परत आणलं, परत सरकवलं. दुसऱ्या हाताचं बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "हे बरोबर आहे बहुतेक. मला नीट लागत नाहीये." आणि पुस्तक मिटून आत्याच्या हातात दिलं. बाप मागे उभा होता. त्याला मी काय झालं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझा पोरगा नापास नव्हता?" मी म्हटलं, नव्हता. तो विकायला ठेवलेल्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "मी त्याला मारलं होतं हो." मुलाला परत पाठवतो म्हणालाय. बोटं मऊ व्हायला वेळ लागेल. होतील का, हे डॉक्टरबाईही सांगत नाहीत.

परतताना बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. आत्याने तुझं नाव बैठकीनंतर काढलं नव्हतं. एकदम म्हणाली, "तो शाळेतून आला की मला पेपर वाचून दाखवायचा. आलेली पत्रं, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं."

मी म्हटलं, हो.

"तुझा बाप गेला त्याची तारसुद्धा त्यानेच वाचली."

मी म्हटलं, आत्या, तेव्हा तो लहान होता. खरंच वाचायचा.

तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, "नसेल वाचत असं मी म्हणत नाही. मला फक्त कळायला हवं, कधीपासून."

ठिपक्या, तुझं हे चार ओळींचं पत्र मी तिला अजून वाचून दाखवलेलं नाही. यायचं असलं तर ये. दार लावून घेणार नाही, जेवायलाही वाढीन. पण ती तुला हेच विचारेल, आणि मी तेव्हा स्वयंपाकघरात निघून जाईन.

ताई